वाढत्या मापाची खुर्ची

जऊळक्याच्या रेल्वे स्थानकावरून गावाकडे येणारा रस्ता जेथे डावीकडे वळतो, तेथे एका कडुनिंबाखाली टिनाचे छप्पर आहे. त्याला पाटी नाही. सकाळी आठ ते एक आणि दुपारी तीन ते दिवेलागण, या वेळांत तेथून वाकसाने लाकूड तासल्याचा आवाज येतो. त्या आवाजाच्या मागाने गेलेला माणूस बरोबर पुंजाजी मिस्त्रींच्या समोर जाऊन उभा राहतो.

पुंजाजी आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. शिक्षण चौथीपर्यंत. उंची बेताची, मान किंचित डावीकडे कललेली, कारण रंध्यावरची नजर त्यांनी आयुष्यभर त्याच बाजूने ठेवली. हातातील काम पुरे झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. परिणामी त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई तो चहा दोनदा गरम करतात आणि तिसऱ्यांदा बोलतात.

"अवो, लाकूड कुठी पळून जाऊन राह्यलं का? चहा मात्र थंडा होऊन राह्यला."

"आलोच."

हे "आलोच" पाऊण तासाचे असते. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

बैलगाड्या, तिफणी आणि जू करण्याचे काम त्यांना वडिलांनी शिकवले. पुढे ट्रॅक्टर आले, तशा गाड्या आणि तिफणी कमी होत गेल्या. आता चौकटी, पलंग आणि देव्हारे यांवर त्यांचा दिवस जातो. जू मात्र अजूनही वर्षाला चार-पाच होतात, आणि ते करण्याची त्यांची रीत तालुक्याच्या मालेगावपर्यंत ठाऊक आहे. गिऱ्हाईक माप घेऊन आले, तर ते त्याला परत पाठवतात. "माप आनू नका, बैल आना," असे त्यांचे म्हणणे. बैल आला की त्याच्या मानेभोवती आणि खांद्यावरून ते सुती दोरा फिरवतात, माप पुरे होईल तेथे गाठ मारतात आणि तो दोरा खुंटीला टांगून ठेवतात. लोखंडी टेप त्यांच्याकडे आहे. पण तो लाकडासाठी. "जित्या अंगाले लोखंड लावू नये," एवढेच कारण ते देतात.

या माणसाच्या हातून एकदा एक चूक झाली. त्या चुकीत माझाही वाटा होता; म्हणून ती हकिगत तारखांसह लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा जऊळक्यापासून चार किलोमीटरवर आहे. मी तेथून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि आता शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. शाळेच्या मागच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, बंजारा समाजाचा तांडा आहे. त्या तांड्यातील रामसिंग आणि सोनीबाई हे जोडपे दरवर्षी दसरा झाला की पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाते आणि चैत्रात परतते. त्यांची मुलगी अंजू २०२३ साली आठ वर्षांची होती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्यामुळे तिची कंबर आणि पाय तिचे ऐकत नाहीत, मान थकली की झुकते, आणि शब्दाला ओठांपर्यंत यायला बराच वेळ लागतो. समज मात्र पुरेपूर आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा गोष्ट सांगताना मी चुकून वाघाच्या जागी कोल्हा म्हणालो, तेव्हा ती इतकी हसली की तिला सावरून धरावे लागले.

आधीचे तीन हंगाम अंजू आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेली होती. तेथे पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, वाकळेवर, ती दिवसभर पडून असे. सोनीबाई तासातासाला फडातून धावत येत, तिची कूस बदलत आणि पुन्हा कोयता उचलत. तांड्यात अंजूची आजी लिलाबाई होती. पण नातीला दिवसभर उचलण्या-ठेवण्याइतकी तिची कंबर राहिली नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती सांभाळू शकत होती. मधला दिवस कोणी सांभाळायचा, हा प्रश्न होता.

तो प्रश्न शनिवार, दि. १५ जुलै २०२३ रोजी शाळेत मांडला गेला. बैठक बोलावली होती तालुक्याच्या विशेष शिक्षिका श्रीमती निता राठोड यांनी. निताबाई स्वतः पोहरादेवीजवळच्या एका तांड्यातल्या. दिव्यांग मुलांसाठी त्या स्कूटरवरून बावीस शाळा फिरतात. अंजूच्या वर्गशिक्षिका रूपालीबाई यांनी आपली अडचण स्पष्ट सांगितली, आणि ती खरी होती.

"मला अंजू नको आहे असं कुणी समजू नका. पण पहिली आणि दुसरी एकत्र, बत्तीस मुलं. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं वर्ग रोज चालणार नाही. प्रार्थनेपासून खिचडीपर्यंत ती कुणी न धरता बसली, तर पुढचं सगळं मी बघते."

दिव्यांगांच्या शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची अंजूकडे होती, पण ती प्रौढ माणसाच्या मापाची होती. तिच्यात अंजू बसत नसे, सांडत असे.

सोनीबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत बसू लागली त पोरगी इथंच राहीन, तिच्या आजीपाशी. नाई बसली त माह्यासंगं येईन, अन् अजून एक साल कोपीत पडून राहीन. माह्यापाशी तिसरा रस्ता नाई."

दुसऱ्याच दिवशी निताबाई एक छायाचित्र घेऊन पुंजाजींच्या छपराखाली आल्या. पुंजाजींचे नाव मीच सुचवले होते, म्हणून मी बरोबर होतो.

त्या छायाचित्राची पार्श्वभूमी अशी. निताबाई २०१९ साली एका संस्थेच्या निवडीतून सोळा दिवस जपानला जाऊन आल्या होत्या. तेथील एका लहान शहरात, दिव्यांग मुलांच्या शाळेत, ओकाबे नावाच्या शिक्षिकेच्या वर्गात त्या रोज बसत. वर्गात मुले सहा. त्यांपैकी मियू या आठ वर्षांच्या मुलीची अडचण अंजूसारखीच होती. सत्राच्या पहिल्या दिवशी ओकाबेबाई हातात पाना घेऊन जमिनीवर बसल्या आणि एकेका मुलाची खुर्ची त्याच्या त्या दिवशीच्या अंगाला जुळवत गेल्या. मुलाने पाय टेकवून मान हलवली, की मगच त्या पुढच्या मुलाकडे सरकत. मियू किती वेळ बसली, काय जेवली, कशाला हसली, हे त्या एका वहीत लिहीत; वही घरी जाई आणि सकाळी मियूच्या आईच्या चार ओळी घेऊन परत येई. छायाचित्रात खुर्चीत बसलेली मियू होती. तिच्या हातात ब्रश होता आणि नाकावर निळा रंग.

पुंजाजींनी चष्मा पुसला आणि छायाचित्र उजेडात धरले.

"हे पोरगी कोन्या गावची?"

"जपानची, काका. मियू नाव तिचं."

"म्हंजे तिकडंबी अशे लेकरं असतात?"

"सगळीकडेच असतात की."

"मले वाटलं, तेथं मशीन लावून नीट करत असतीन."

"मशीन नाही, काका. बाई खाली बसतात आणि पाना फिरवतात."

पुंजाजींनी कानामागची पेन्सिल काढली. मग पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी छायाचित्रावर, कागदाला न टेकवता, तीन जागा दाखवल्या. "हे पाहा. पायाखाली फळी हाये. कंबरीले दोन्हीकून धरलं. पाठीले तेवढं नाई धरलं, मोकळी ठेवली. या खुर्चीत लाकूड थोडं अन् इचार लय हाये."

"तुमच्यात उलटं हाये," आतून मनकर्णाबाई म्हणाल्या.

माप घेण्यासाठी सोनीबाई अंजूला कडेवर घेऊन आल्या. निताबाईंनी लोखंडी टेप उघडला. तो सर्रकन परत मिटला, आणि त्या आवाजाने अंजूचे सारे अंग ताठ झाले, हात दोन्हीकडे फेकले गेले. पुंजाजींनी टेप घेऊन दूर ठेवला, खुंटीवरून नवा सुती दोरा काढला आणि त्याचे एक टोक अंजूच्या मुठीत दिले.

"हे तू धर, माय. सोडू नको. सोडलं त माप पळून जाईन."

अंजूने ते टोक असे धरले, की माप संपल्यावर सोडवायला दोघे लागले. दोऱ्याला चार गाठी पडल्या: कंबरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, कंबरेची रुंदी, आणि बैठकीपासून काखेपर्यंतची उंची. निताबाईंनी त्या गाठींवरून आकडे काढून कागदावर लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि बजावले, "काका, बरोबर याच मापाची." त्यानंतर प्रशिक्षणासाठी आणि मग इतर शाळांच्या तपासण्यांसाठी त्या महिनाभर आमच्याकडे फिरकू शकल्या नाहीत.

चूक त्या महिन्यात झाली.

आमच्या भागात लेकराची कोणतीही वस्तू बरोबर मापाची केली, तर करणारा एकतर कंजूस किंवा अननुभवी ठरतो. झग्याची किनार तीन वेळा दुमडून शिवायची. बूट दोन अंक मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस भरायचा. गणवेशाच्या बाह्या पहिल्या वर्षी बोटांवर येतात आणि तिसऱ्या वर्षी कोपराशी जातात. याला आम्ही वाढते माप म्हणतो, आणि त्यामागे माया असते. सोनीबाई एकदा छपरापाशी थांबून म्हणाल्या, "बाबा, जरा मोठीच करा. पुढच्या सालीबी पुरली पाह्यजे." मनकर्णाबाईंचेही तेच मत पडले. आणि मी, ज्याने चौतीस वर्षे शाळेच्या सामानाची नोंदवही ठेवली, त्या मी पुंजाजींना म्हणालो, "किमान तीन वर्षे उपयोगात यावी, एवढे पाहा." पुंजाजींनी आम्हां सर्वांचे ऐकले. प्रत्येक बाजूला त्यांनी दोन बोटे वाढवली आणि बैठकीच्या लांबीला चार.

बुधवार, दि. १६ ऑगस्ट रोजी खुर्ची वर्गात आली. जुन्या सागवानी चौकटीतून केलेली, कडा गोल घासलेल्या, तेलपाण्याने चकाकणारी अशी ती वस्तू पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. अंजूला तीत बसवले. पंधरा मिनिटांत तिची कंबर पुढे घसरली. रूपालीबाईंनी तिला वर ओढले. पुन्हा पंधरा मिनिटे. दुसऱ्या दिवशी सोनीबाईंनी वाकळ घडी करून एका बाजूला कोंबली. अंजू दुसरीकडे कलली. पाय खालच्या फळीपर्यंत पोचत नव्हते, ते लोंबकळत राहिले. पडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून बसे; मग पाटी धरायला हातच उरत नसे. ऑगस्ट संपता संपता तिच्या काखेखाली लाल वळ उठले.

निताबाई सोमवार, दि. ४ सप्टेंबर रोजी आल्या. त्यांनी दोरा मागवला, खुर्चीला लावला आणि तडक जऊळका गाठले. मीही मागोमाग गेलो.

"काका, मी दिलेलं माप कुठं गेलं?"

"तुमचं माप त हायेच की आत. त्याच्यावर दोन-दोन बोटं वाढ ठेवली. लेकराची जात, वाढतेच."

"ती वाढायच्या आधी घसरून राहिली ना, काका! कंबर बरोबर धरली तर हात मोकळे होतात. कंबर सुटली की ती दिवसभर फक्त न पडण्याचं काम करते."

ही सूचना माझीही होती, असे मी तेव्हा सांगितले. निताबाईंनी माझ्या वयाचा मान ठेवला आणि दोरा परत खुंटीला टांगला. पुंजाजींनी मात्र अंजूच्या काखेखालच्या वळांविषयी विचारले. किती लांब, कोणत्या बाजूला, कातडी फुटली का. उत्तर ऐकून त्यांनी कानामागची पेन्सिल काढून ठेवली. खुर्ची त्यांनी सायकलला बांधून परत आणली आणि छपराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

पुढचे काही दिवस पुंजाजींनी चहा पहिल्या हाकेला घेतला. मनकर्णाबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, याइले काही झालं. बोलवलं की येऊन राह्यले."

यानंतरचे मनकर्णाबाईंनीच सांगितले. मी तेथे नव्हतो. त्या वर्षी पोळा गुरुवार, दि. १४ सप्टेंबरला होता. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते: वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिले, तो बैलाचा खांदा हळद आणि लोणी लावून, पळसाच्या पानांनी शेकायचा. पुंजाजींची तीन एकर शेती आणि एक जोडी आहे. जोडीतला एक बैल जुना, आणि दुसरा लाल्या, तेव्हा नुकताच कामाला लावलेला गोऱ्हा. लाल्याचा खांदा शेकता शेकता पुंजाजींचा हात थांबला.

"याच्या खांद्याले कुठी घट्टा नाई."

"कसा राहीन? जू तुमीच त केलं."

"तेच म्हनून राह्यलो. गोऱ्हा हाये हा. दर महिन्याले वाढून राह्यला. मंग याचं जू मी वाढत्या मापाचं काहून नाई केलं?"

"बाप्पा! जू कोनी मोठं करते का? खांदा सोलून निंघन."

पुंजाजी लोण्याचा हात तसाच ठेवून उभे राहिले. "जनावराले समजून घेतलं मी," ते म्हणाले, "अन् लेकराले नाई घेतलं."

मग त्यांनी हात पुसला आणि गोठ्यातून लाल्याचे जू बाहेर आणले. नवशिक्या गोऱ्ह्याच्या जुवाला ते मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांसाठी एकाऐवजी तीन-तीन भोके पाडतात. आज मान जेवढी, त्याच भोकात खुंटी. मान भरली, की खुंटी एक भोक बाहेर. जू आजही बरोबर आणि पुढच्या वर्षीही बरोबर. ही युक्ती त्यांच्या वडिलांची होती आणि पुंजाजी ती पन्नास वर्षे करत आले होते. पोळ्याला आमच्याकडे अवजारांना हात लावत नाहीत. तो एक दिवस त्यांनी कसा काढला, हे मनकर्णाबाईंनी एका वाक्यात सांगितले: "पुरनपोळी खाताना बोटानं ताटावर भोकं पाडून राह्यले होते."

शुक्रवारी सकाळी काम सुरू झाले. पुंजाजींनी खुर्ची पूर्ण सोडवली. बैठक कापून दोऱ्याच्या गाठीवर आणली. कंबरेच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या बसवल्या आणि पायांखालची आडवी फळी वर घेतली. यांपैकी प्रत्येक भाग बाभळीच्या खुंट्यांवर बसत होता, आणि खुंट्यांसाठी गिरमिटाने एकेका बोटाच्या अंतरावर पाच-पाच भोके पाडली होती. माझी सूचना अशी होती, की भोकांपुढे रंगाने अनुक्रमांक घालावेत, म्हणजे गोंधळ होणार नाही. पुंजाजींनी ती ऐकून घेतली आणि भोकांपुढे पटाशीने खाचा मारल्या: एक खाच, दोन खाचा, तीन.

"आकडे लिलाबाईले वाचता येत नाईत, गुरुजी. खाच बोटाले समजते."



निताबाईंनी पुऱ्या झालेल्या खुर्चीचे छायाचित्र ओकाबेबाईंना पाठवले. उत्तर तिसऱ्या दिवशी आले. मियू आता बारा वर्षांची आहे, तिची खुर्ची त्या पहिल्या छायाचित्रापासून चार खुणा वर सरकली आहे, आणि तिला अंजूच्या खुर्चीतल्या खुंट्या फार आवडल्या आहेत, असे त्यांनी लिहिले होते. शेवटी विचारले होते, की खुंट्यांचे लाकूड कोणते आणि त्या घट्ट कशा करता.

"म्हंजे त्याइच्या खुर्चीलेबी खुना हायेत?" पुंजाजींनी विचारले.

"आहेत ना. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी, पाना फिरवतात म्हणून."

"मले वाटलं, पाना म्हंजे दुरुस्ती." ते थोडे हसले, खूप दिवसांनी. "लिवा त्याइले, बाभूळ. अन् पाना लागत नाई म्हना. गोट्यानं ठोकायचं."

सोमवार, दि. ९ ऑक्टोबरपासून अंजू नव्या खुर्चीत बसू लागली. पहिल्या दिवशी वीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी डावी खुंटी सैल झाली आणि ती कलली. पुंजाजी सायकलने आले, जाड खुंटी ठोकली आणि वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले. आठवड्याच्या शेवटी पाऊण तास. रूपालीबाईंनी, निताबाईंच्या सांगण्यावरून, जपानातल्यासारखी एक वही सुरू केली होती आणि तीत रोजची मिनिटे लिहीत होत्या. सोनीबाईंना वाचता येत नव्हते. त्या रोज रामसिंगकडून ती ओळ वाचून घेत. दसरा मंगळवारी, २४ तारखेला झाला. त्या दिवसापर्यंतचा उच्चांक होता एक तास पन्नास मिनिटे. प्रार्थनेपासून खिचडीपर्यंत तीन तास होतात. ऊसतोडीचा ट्रक ३१ तारखेला निघणार होता.

गुरुवारी, २६ तारखेला, मी शाळेत होतो. सोनीबाई खिडकीबाहेर, अंजूला दिसणार नाही अशा बेताने, उभ्या होत्या. पुंजाजी व्हरांड्यात, निताबाई वर्गात मागे. साडेदहाला प्रार्थना झाली. साडेअकरापर्यंत अंजूने पाटीवर रेघा ओढल्या. हात मोकळे होते. बारा वाजता तिने शेजारच्या मुलीची पेन्सिल पळवली आणि त्याबद्दल रूपालीबाईंची बोलणी खाल्ली. हे पाहून सोनीबाईंनी पदर तोंडाला लावला. अंजूला वर्गात कोणी रागावले, असे आजवर कधी झालेच नव्हते.

एक वाजून दहा मिनिटांनी अंजूची मान झुकली. रूपालीबाई पुढे झाल्या. निताबाईंनी हात आडवा केला. वर्ग नेहमीसारखा गोंगाट करत होता. अंजूची हनुवटी छातीला टेकली होती. मग मी पाहिले, की तिच्या पायांचे तळवे खालच्या फळीवर दाबले जात आहेत. आधी उजवा, मग डावा. त्या दाबाने गुडघे स्थिर झाले, कंबर त्या दोन फळ्यांत सरळ झाली, आणि मान, थांबत थांबत, वर आली. तिने समोरच्या फळ्याकडे पाहिले. दीड वाजता खिचडीची थाळी तिच्यासमोर ठेवली गेली, तेव्हा ती बसलेलीच होती.

सोनीबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. त्या म्हणाल्या, "मंग आता मले एकटीलेच जावं लागन."

तीन महिने आम्ही सर्व ज्या गोष्टीसाठी धडपडलो, तिचा दुसरा अर्थ असा होता. तो आमच्यापैकी कोणीही मोजला नव्हता. पुंजाजी पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. 

मंगळवारी सकाळी ट्रक जऊळक्याच्या वळणावर थांबला. रामसिंग वर सामानापाशी राहिले आणि सोनीबाई एकट्याच उतरून कडुनिंबाखाली आल्या. योगायोगाने मी चौकटीच्या कामासाठी तेथे होतो.

"बाबा, अंजूच्या मापाचा दोरा हाये का अजून?"

पुंजाजींनी खुंटीवरून तो काढला. अंजूच्या मुठीतले टोक अजून मळकट होते.

"हा मले देता का? परत आल्यावर मी पाह्यन, किती वाढली ते. माह्या मांगं वाढणार ना ती."

पुंजाजींनी तो दोरा लगेच दिला नाही. आधी तसाच दुसरा दोरा घेऊन त्यांनी चारही गाठी जुळवून मारल्या, दोन्ही दोरे ताणून एकमेकांशी ताडून पाहिले आणि नवा आपल्या खुंटीला टांगला. जुना, अंजूने धरलेला, सोनीबाईंना दिला. त्यांनी तो दुमडून चोळीच्या आत ठेवला. ट्रकने भोंगा वाजवला.

"काळजी करू नको, माय," मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या. "आमचे हे खुंट्या पाह्यले दर आठ दिवसाले जातीन. चहा सोडून जातीन."

खरोखरच ते गेले. पाच महिने, दर सोमवारी. लिलाबाई सकाळी नातीला शाळेत आणी, खाचांवरून बोट फिरवून खुंट्या तपाशी आणि मग घरी जाई. वहीत रूपालीबाई लिहीत राहिल्या. निताबाई त्या ओळी फोनवरून सोनीबाईंना वाचून दाखवत.

जोडपे रविवार, दि. १४ एप्रिल २०२४ रोजी परतले. सोमवारी सोनीबाई शाळेत आल्या त्या अंजूच्या आधी, आणि दोरा हातात घेऊनच. अंजू आली. खुर्चीत बसली. सोनीबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरा लावला. गाठ टाचेपर्यंत पोचली नाही. गाठ आणि टाच यांच्यामध्ये एका बोटाचे अंतर राहिले होते. सोनीबाईंनी त्या अंतरावर आपले बोट आडवे ठेवले आणि ते बराच वेळ तेथेच राहू दिले. उसाच्या पात्यांनी कापलेले बोट होते.

पुंजाजींनी पिशवीतून गोटा काढला. पायाखालच्या फळीची खुंटी त्यांनी सैल करून दिली; पण पुढचे काम त्यांनी केले नाही. गोटा सोनीबाईंसमोर धरला.

"तुमीच ठोका. एक खाच खाली."

सोनीबाईंनी बोटाने खाचा मोजल्या, खुंटी खालच्या भोकात घातली आणि ठोकली. तीन घाव. मग त्या मागे सरकल्या आणि मुलीकडे पाहू लागल्या. अंजूने आधी उजवा पाय फळीवर टेकवला, मग डावा. दाबून पाहिले. आणि मान हलवली.